टेबलावर मी एकटाच पन्नाशीचा, बाकी सगळे विशीतले. थांबू का सोडू?

सातपूरचा_जादूगार

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

वय ५१, सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. कॉलेजात असताना, ९४-९५ च्या सुमारास, हॉस्टेलवर डी अँड डी खेळायचो (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून एकेकाने एकेक पात्र घ्यायचं, गोष्ट पुढे न्यायची, जमलं का फसलं ते डाइस ठरवणार), दुसरी एडिशन. एका सीनियरच्या मामाने अमेरिकेतून नियमांचं पुस्तक आणलेलं, त्याची झेरॉक्स, आणि आमच्याकडे आली ती त्या झेरॉक्सची झेरॉक्स, त्यामुळे तक्त्यातले ३ आणि ८ सारखेच दिसायचे आणि त्यावरून रात्रभर भांडणं. वीस बाजूंचा डाइस कुठून आणणार तेव्हा, मग हाऊजीच्या सेटमधले १ ते २० चे कॉइन एका मोज्यात टाकायचे, हात घालून एक काढायचा, परत टाकायचा, हलवायचं. मोजा धुतलेला असेलच अशी काही गॅरंटी नव्हती. मग नोकरी, लग्न, पोरं आणि सगळं बंद ते बंदच.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तशी बायको म्हणाली काहीतरी करा, रविवारभर मोबाईल घेऊन लोळू नका. इन्स्टावर दिसलं की गंगापूर रोडच्या एका कॅफेत दर रविवारी टेबल बसतं, नवीन लोकांचं स्वागत वगैरे. गेलो. घेतलं त्यांनी, अगदी प्रेमाने घेतलं. १९ ते २५ मधली पोरंपोरी आहेत सगळी, डीएम, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारी, २३ वर्षांची मुलगी आहे आणि खरं सांगतो, आमच्या हॉस्टेलच्या डीएमपेक्षा दसपट भारी चालवते. तक्रार कुणाबद्दलच नाही.

पण रविवारी घरी येतो तेव्हा मी पंच्याहत्तर वर्षांचा झालेला असतो.

एक तर डाइस. तिथे एका मुलीकडे जांभळ्या पारदर्शक डाइसचा सेट आहे, आत चमकी भरलेली आणि वरचे आकडे सोनेरी. कॅफेतला लाइट पिवळा. मी डाइस टाकतो, दिसत नाही, चष्मा कपाळावरून खाली घेतो, तरी दिसत नाही, मग डाइस उचलून डोळ्यांपाशी नेतो तर उचलताना तो बोटांत फिरतो आणि वर कुठला आकडा होता हेच कळत नाही. आता शेजारचा पोरगाच वाचून सांगतो, "काका, चौदा." मी हो म्हणतो. चौदाच असेल.

मग ते बॅकस्टोरी प्रकरण, म्हणजे आपल्या पात्राचा आधीचा इतिहास. सगळ्यांची तीन-तीन चार-चार पानं, चित्रांसकट. मी लिहिलेलं, पूर्वी शिपाई होता, कर्ज झालं म्हणून बाहेर पडला. डीएमने विचारलं काका, त्याच्या मनात सल काय आहे. मी म्हटलं कर्ज. हसले सगळे, मीही हसलो, पण तिला खरंच उत्तर हवं होतं हे मला दोन दिवसांनी कळलं.

आणि खेळणंच वेगळं आहे हो. मी दार दिसलं की आधी काठीने ढोसणार, छताकडे बघणार, दोरी किती फूट उरली विचारणार. ही पोरं गॉब्लिनला बसवून त्याच्या आईची चौकशी करतात. एकदा अख्खं सेशन बाजारात गेलं, कुणीतरी कुणासाठी तरी शाल निवडत होतं, आणि बाकीचे डोळ्यात पाणी आणून ऐकत होते, आणि मी सारखा घड्याळाकडे बघत होतो कारण सोमवारी सकाळी सातला फर्स्ट शिफ्ट.

डिस्कॉर्डवर रात्री दीड वाजता गप्पा रंगतात, मी सकाळी पावणेसहाला वाचतो, काहीतरी लिहितो, त्यावर कुणाचं काही नाही. सेशन संपलं की सगळे खायला जातात, मलाही विचारतात, मी नाही म्हणतो, कारण मला आजवर कळलेलं नाही की खरंच विचारतायत का विचारायचं म्हणून.

तर प्रश्न असा की यांना माझी अडचण होत असेल आणि संकोचाने बोलत नसतील तर ते ओळखायचं कसं? आणि तुमच्यापैकी कुणी या वयात टिकलंय का, कसं?

---

वाडीवऱ्हेचा_ड्रॅगन

सोडा. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

वयाचा संबंध नाही. तुम्ही आणि ती पोरं दोन वेगळे खेळ खेळताय, नाव एकच आहे एवढंच. दुसरी एडिशन १९८९ ची, ती पोरं खेळतायत ती पाचवी, म्हणजे २०१४ नंतरचं. मधे काय काय बदललं बघा. आपल्या वेळी पहिल्या लेव्हलचा जादूगार म्हणजे चार बाजूंच्या डाइसवर जे येईल तेवढे हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव, एक आला तर एक, आणि दिवसाला एकच मंत्र. तो टाकला की उरलेला दिवस मशाल धरायची. शून्यावर गेला की मेला, फारच दयाळू डीएम असला तर उणे दहापर्यंत तडफडायची सोय होती ती पण ऐच्छिक. आत्ता? जादूगाराला पहिल्या लेव्हलला पूर्ण सहा मिळतात आणि वर तब्येतीचा बोनस, आगीचा गोळा लहानसा का होईना पण दर टर्नला फुकट, आणि शून्यावर गेलात की बेशुद्ध पडायचं आणि डाइस टाकत बसायचं, तीन चांगले पडले तर वाचलात, तीन वाईट पडले तर गेलात, आणि तोवर कुणीतरी येऊन उठवतंच.

आता यातूनच ती तीन पानी बॅकस्टोरी येते हे लक्षात घ्या. आपण लिहायचो नाही कारण लिहून उपयोग नव्हता, चार पानं लिहिलेला माणूस पहिल्याच खोलीत कोळी चावून मेला तर लिहिणाऱ्याने काय करायचं, ती पानं वाणसामानाला गुंडाळायची? जो पाचव्या लेव्हलपर्यंत टिकला त्याचीच स्टोरी व्हायची, आणि ती टेबलावर घडलेली असायची. यांचे लोक सहसा मरत नाहीत, म्हणून लिहिणं परवडतं. शिवाय त्याच्याही आधीच्या नियमांमध्ये एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, मिळायचे ते मुख्यतः बाहेर काढून आणलेल्या सोन्याचे, राक्षस मारल्याचे अगदीच चिल्लर, त्यामुळे शहाणा माणूस लढाई टाळायचा, काठीने ढोसायचा, दोरी मोजायचा. तुमची ती सवय तिथून आलीय. त्या पोरांच्या खेळात तिचं बक्षीसच नाही तर ती कशाला मोजतील दोरी.

तेव्हा स्वतःचा ग्रुप काढा. जुने नियम नव्याने लिहून काढणारी मंडळी २००६ पासून आहेत, ओएसआर म्हणतात त्याला, पीडीएफ कितीतरी फुकट. आपल्या वयाचे चार लोक नाशकात नक्की मिळतील. थॅको, म्हणजे हल्ला लागायला डाइसवर किती हवं याचा तो जुना हिशोब, वापरा, मजा करा. त्या कॅफेत शाल निवडायला त्यांना त्यांचं सोडा.

---

गोदाकाठ२२

मी २२, दुसऱ्या टेबलावर खेळतो, कॉलेज रोडला. काका (सॉरी पण तुम्ही स्वतःच सांगितलंत) तुमचं पोस्ट वाचून मला आमच्या ग्रुपमधले एक सर आठवले, ते ४७ चे आहेत, म्हणून लिहितोय.

ओळखायचं कसं विचारलंत ना. अहो ज्याचा कंटाळा आलाय त्याचा डाइस कुणी वाचून देत नाही. त्याच्या टर्नला मोबाईल काढतात. पुढच्या सेशनची तारीख ठरवताना त्याला विचारत नाहीत, ठरवून सांगतात. डीएम त्याच्या कॅरेक्टरला काही प्रश्नच विचारत नाही. तुमच्या डीएमने तुम्हाला सल विचारली म्हणजे ती तुमच्या शिपायासाठी काहीतरी शिजवत होती आणि तिला कच्चा माल हवा होता. ते कर्ज कुणाकडून घेतलं एवढं जरी सांगितलं असतं तरी तिने तो सावकार पुढच्या गावात आणून बसवला असता. अजून सांगा, उशीर नाही झालेला.

आता ड्रॅगन काकांना. तुमचं ते नियमांचं सगळं बरोबर असेल, माहिती पण नव्हतं मला बरंचसं, सोन्याचे एक्सपी वगैरे भारी आहे. पण "त्यांना शाल निवडू द्या" हा जो टोन आहे ना, तोच डोक्यात जातो, वय नाही जात. आमचे सर पहिले दोन महिने प्रत्येक गोष्टीला हे आमच्याकडे असं नव्हतं, हे सोपं करून ठेवलंय, आम्ही मरायचो, असं चालायचं. मरायचात तर मरायचात, आम्ही काय करू. एक दिवस आमच्यातल्या एकीने सरळ सांगितलं, सर, एक तर गोष्ट पूर्ण सांगा, कोण कसं मेलं ते नीट रंगवून सांगा, नाहीतर टोमणा मारू नका. तेव्हापासून ते ब्रेकमध्ये किस्से सांगतात आणि आम्ही ऐकतो, खरंच ऐकतो, एक किस्सा तर आमच्या कॅम्पेनमध्ये घेतलाय.

शालीचं सांगतो. आमच्यातला अर्धा ग्रुप कॉम्पिटिटिव्ह एक्झामवाला आहे, बाकीचे प्लेसमेंटच्या टेन्शनमध्ये, आठवडाभर दुसरं काय करतो आम्ही, मरतच असतो. रविवारी तीन तास कुणासाठी तरी शाल घ्यावीशी वाटते. तुम्हाला बोर झालं तर म्हणा की माझा शिपाई बाहेर उभा राहून बाजारावर नजर ठेवतोय, कोण संशयास्पद दिसतंय. डीएम उडी मारेल. शाल पण होईल आणि खिसेकापू पण सापडेल.

अजून एक, हे कुणी तोंडावर सांगणार नाही तुम्हाला. मोठ्या वयाच्या माणसाची टेबलावर किंमत का आहे, तर तो येतो. पाच म्हणजे पाचला येतो. आमच्या वयाच्या लोकांचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे रविवारी चार चाळीसला "भावांनो नाही जमणार आज" असा मेसेज. आमचे सर पावसात नाशिकरोडहून येतात टू व्हीलरवर, आणि सिंहस्थासाठी सगळे रस्ते खोदलेले असताना येतात.

डिस्कॉर्डवर सकाळी पावणेसहाला लिहाल तर कोण उत्तर देणार, तेव्हा तर आम्ही नुकते झोपलेलो असतो. रात्री नऊला लिहा.

---

इंदिरानगरची_डीएम

४६, बाई, आणि आता स्वतः टेबल चालवते, त्यामुळे थोडं वेगळं सांगते.

तुम्हा दोघांचं हॉस्टेल, झेरॉक्स, मोज्यातले कॉइन, हे वाचायला गोड वाटतं, पण त्या खोल्यांमध्ये मुली नव्हत्या. मी पण नव्वदच्याच दशकात कॉलेजात होते, असं काही असतं हे माझ्या कानावरसुद्धा आलं नाही. मी खेळायला बसले ती चाळिशी ओलांडल्यावर, मुलाच्या ग्रुपला पाचवा माणूस कमी पडला म्हणून, स्वयंपाकघरातून हाक मारून बसवलेली. म्हणजे टेबलावर सगळ्यात म्हातारी मी आणि सगळ्यात नवखी पण मीच. तुमच्याकडे निदान आठवणी तरी आहेत, मला तर पोरांना विचारावं लागायचं की कुठला डाइस टाकू, आणि स्वतःचा मुलगा मान खाली घालून म्हणायचा, आई, तो निळा.

पण एक गोष्ट नंतर वाचनात आली आणि मला जाम धीर आला. हा पोरांचा खेळ आणि आपण त्यात घुसलोय असं जे वाटतं ना, ते मुळातच तसं नाहीये. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ मध्ये छापला तेव्हा गायगॅक्स पस्तीस वर्षांचा, पाच मुलांचा बाप, विमा कंपनीतली नोकरी गेलेली आणि घरी बसून बूट दुरुस्त करून पोट भरणारा माणूस होता. आर्नेसन सव्वीस वर्षांचा. आर्नेसनने त्याला आपला खेळ दाखवला, त्यावरून गायगॅक्सने स्वतःचं भुयार रचलं आणि त्यात सगळ्यात आधी कोणाला उतरवलं, तर स्वतःच्या मुलाला आणि मुलीला, अर्नी आणि एलीस. मग त्यात शेजारपाजारची कॉलेजातली-शाळेतली पोरं आली, आणि त्याच्या वयाचा एक मित्र. म्हणजे पहिल्या दिवसापासून टेबल मिसळीचंच होतं, एकाच वयाचे सगळे हे हॉस्टेलमुळे झालं, खेळामुळे नाही.

आता कामाचं. डोळ्यांचं आधी बघा, तुमचा अर्धा थकवा तिथेच आहे असं माझं मत. काळे किंवा एकदम गडद डाइस, पांढरे ठसठशीत आकडे, आणि नेहमीच्यापेक्षा मोठ्या साइजचे मागवा, ऑनलाइन मिळतात, वीस बाजूंचा एक जरी मोठा घेतला तरी पुरे कारण नव्वद टक्के वेळा तोच लागतो. खाली एखादा फिकट रंगाचा ट्रे ठेवा, मी तर मिठाईच्या खोक्याचं झाकण आतून फेल्ट लावून वापरते, डाइस खाली पण पळत नाहीत आणि वाकावं लागत नाही. कॅरेक्टर शीट अॅपवर बघत बसू नका, मोठ्या अक्षरात स्वतःच्या हाताने वहीत उतरवा, हल्ला एवढा, बचाव एवढा, हिट पॉइंट पेन्सिलने. मी हे केलं आणि पुढच्याच महिन्यात दोन पोरांनी वह्या आणल्या. कॅफेत बुटकी खुर्ची असेल तर सरळ दुसरी मागा, पाठ दुखत असताना कुणीही म्हातारंच वाटतं.

आणि भाषा. तुम्ही लिहिलं नाहीत पण मला वाटतं हे तुमच्याकडे असणार. ही पोरं टेबलावर इंग्लिशमध्ये शिरतात, कॅरेक्टरचे संवाद तर हमखास, कारण त्यांनी ते यूट्यूबवर पाहिलंय तसंच करायचं असतं, २०१५ नंतर ती लाट आली ना परदेशातल्या कलाकारांचे गेम लाइव्ह बघायची. आपली जीभ तिथे अडते, दोन सेकंद उशीर होतो, तोवर दुसरं कुणी बोलून जातं, आणि मग आपण गप्प बसणारे काका-काकू होतो. मी डीएम झाले तेव्हा पहिल्याच गावातला दुकानदार मराठीत बोलवला, लासलगावच्या लिलावात उभा असल्यासारखा, बोली लावत, शेजारच्याला खुणावत, मधेच फोन घेत. टेबल पाच मिनिटं हसत होतं आणि त्यानंतर सगळे मराठीवर आले, एक इंग्लिश मिडियमची मुलगी धरून. तुमच्या शिपायाला मराठीत बोलू द्या. कुणाची परवानगी लागत नाही.

खायला विचारतात तेव्हा एकदा जा. अर्धा तास. पोरं कॅफेतून निघाल्यावर खरी बोलतात, आणि सातची शिफ्ट असली तरी अर्ध्या तासाने काही होत नाही.

---

सातपूरचा_जादूगार

एवढं सगळं लिहाल असं वाटलं नव्हतं, थँक्स सगळ्यांना.

ड्रॅगन साहेब, तुमचं विश्लेषण पटलं पण निष्कर्ष नाही पटला. मला त्या टेबलावरच खेळायचंय. आपल्या वयाचे चार जण शोधून बसवले तर पहिला तास शुगर आणि दुसरा तास पोरांच्या ॲडमिशन, मला माहितीये, ऑफिसच्या डब्यावर तेच चालतं. आणि ती शाल, आता सांगतो, ती नंतर कामाला आली. म्हणजे ज्याच्यासाठी घेतली तो एनपीसी (डीएम चालवते ते पात्र) थंडीत एका दरीत अडकला आणि ती शाल ओळखीची खूण ठरली, डीएमने बरोबर गुंफलं होतं. मी दोरी मोजलेली होती तीही तिथेच कामाला आली, साठ फूट लागली, माझ्याकडे पन्नास होती, वरचे दहा फूट त्या शालीने भरून काढले. टेबल उभं राहिलं होतं. पण हे अपवादाने होतं.

गोदाकाठ, टोमणे मी मारत नाही बाबा. थॅको हा शब्द एकदाच बोललो, तर सगळ्यांनी काय असतं सांगा ना सांगा ना केलं, मग सांगितलं, की फायटरचा पहिल्या लेव्हलला थॅको वीस, समोरच्याचं आर्मर क्लास त्यातून वजा करायचं, आर्मर जितका कमी तितका चांगला, उणे दहापर्यंत जातो, आणि वजामधून वजा म्हणजे अधिक, त्यावर त्यांचे पंधरा मिनिटं प्रश्न. मग त्यांनीच विचारलं काका तुम्ही एकदा जुन्या पद्धतीने चालवा ना. मी विषय टाळला. तीस वर्षांत डीएम केलेलं नाही, आणि तेव्हाही एक-दोनदाच. शिवाय त्यांची आवड-निवड, तो एक्स लिहिलेला कार्ड मधे ठेवतात, तो काय कसा वापरायचा, मला भीती वाटते काहीतरी अंगाशी येईल.

---

तपोवन_टॅव्हर्न

अहो मग प्रश्न संपला की! त्यांनी स्वतः मागितलंय. जे म्हातारे नको असतात त्यांना कुणी डीएम व्हा म्हणत नाही.

मी ३३, दोन्हीकडचं थोडं थोडं, सहा-सात वर्षं चालवतोय. एक्स-कार्डचं आधी, सोपं आहे. टेबलावर मधे कार्ड असतं, गोष्ट कुणाला नको त्या दिशेला चालली, छळ, लहान मुलांना इजा, काहीही, की तो माणूस कार्डाला हात लावतो, डीएम तो भाग सोडून पुढे जातो, कारण विचारायचं नाही. बास. नव्वद टक्के सेशनमध्ये कुणी हात लावत नाही. आणि सुरुवातीला पाच मिनिटं विचारून घ्यायचं की काय अजिबात नको आणि काय पडद्यामागे चालेल. तुम्हाला फक्त एक सांगावं लागेल, आणि ते आधीच, इन्स्टाच्या पोस्टमध्येच सांगा, की या खेळात लोक मरतील.

त्यासाठी फनेल चालवा. डंजन क्रॉल क्लासिक्स नावाचा गेम आहे, २०१२ चा, त्यातली आयडिया. प्रत्येकाला एक कॅरेक्टर न देता तीन-चार साधे गावकरी द्यायचे, लेव्हल शून्य. एक कुंभार, एक मेंढपाळ, एक पाथरवट असे, हिट पॉइंट दोन-तीन, हातात कोयता नाहीतर काठी. सगळे एकदम भुयारात घालायचे. त्यातले बहुतेक मरतात आणि जो वाचतो तो पहिल्या लेव्हलचा होतो. म्हणजे ड्रॅगन साहेबांची मरायची हौस पण भागते, आणि पोरांना जी बॅकस्टोरी हवी असते ती तिथल्या तिथे तयार होते, हा तोच मेंढपाळ ज्याने बाकीचे तिघं मरताना पाहिले. चार पानं लिहायला नको, तीन तासांत लिहून होते. मी दोनदा चालवलाय, पोरं आपल्या मेलेल्या कुंभाराचं नाव महिनाभर घेत होती.

जागा कुठली, तर आपल्याकडे किल्ले कमी आहेत का. मी असतो तर रामशेज घेतला असता. दिंडोरी तालुक्यात आशेवाडीवरचा, पोरांनी सगळ्यांनी ट्रेक केलेला असतो एकदा तरी. १६८२ पासून औरंगजेबाची फौज कित्येक वर्षं खाली बसून होती, शहाबुद्दीन खानासारखा सरदार हात हलवत गेला, आणि गडावर माणसं मूठभर. तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या बनवून त्यावर कातडं चढवलं आणि चालवल्या असं सांगतात. तुमचा जुना खेळ म्हणजे दुसरं काय, शीटवर जे लिहिलेलं नाही त्यातून वाट काढायची. तर रात्र, खाली वेढा, धान्य संपत आलंय, गावातल्या दहा-बारा लोकांनी पोती घेऊन चोरवाटेने वर जायचं. पाण्याची टाकी, खोदीव पायऱ्या, खालून दिसणारे शेकोट्यांचे ठिपके, झालं तुमचं डंजन. दोरी मोजायला लावा, आता बक्षीस आहे तिचं. फक्त किल्ल्याला दुसरं नाव द्या आणि खरे ऐतिहासिक लोक पात्र म्हणून आणू नका, कुठल्या पोराने गमतीत काहीतरी बोललं की रविवारची वाट लागते. रामशेजसारखा किल्ला, एवढंच म्हणा.

नियम पाचवीचेच ठेवा, त्यांना येतात ते. थॅको आणू नका, प्लीज.

वेळ चार ते साडेसात. शीट मी करून देतो, मोठ्या फॉन्टमध्ये.

---

वाडीवऱ्हेचा_ड्रॅगन

फनेल बरा आहे, मान्य. पण थॅको का नको? वजाबाकी येत नाही का आजच्या पिढीला.

---

गोदाकाठ२२

येते काका, एक्सेलमध्ये.

आणि जादूगार काका, हे खरंच चालवणार असाल तर आमच्या टेबलवरून आम्ही तिघं येतो, तुमच्या डीएमला विचारून घ्या जागा आहे का. आमच्या सरांना पण आणतो, ते म्हणतायत त्यांना जुन्या नियमातला चोर हवाय कारण १२५० एक्सपीला दुसरी लेव्हल मिळायची आणि जादूगाराला २५०० लागायचे. मी सांगितलं सर, फनेल आहे, तुम्हाला कुंभार मिळणार.

---

सातपूरचा_जादूगार

डीएमला विचारलं. हो म्हणाली, पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार, आणि तिला स्वतःला चार गावकरी हवेत कारण तिला कधी खेळायलाच मिळत नाही. टॅव्हर्न भाऊ, शीट पाठवाच. पाथरवटाला छिन्नी-हातोडा द्यायचा का नुसता हातोडा, आणि मशाल किती वेळ जळते धरू? जुन्या पुस्तकात अर्धा तास होती.